पाच वीसची गाडी

मंगळवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२५, पहाटे पाच वाजून अठरा मिनिटे. विश्रांतवाडीच्या थांब्यावरच्या दिव्याखाली बद्रीनाथ तौर यांनी वहीत त्रेचाळिसावी रेघ ओढली आणि खिडक्यांतून नजर फिरवत पहिल्या सीटपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. त्रेचाळीसच. मग त्यांनी आकडा लिहिला आणि पेनाला टोपण लावले. दोनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही सवय त्यांना तंत्रनिकेतनातल्या मोजमापाच्या प्रयोगशाळेत लागली होती. पुढे एकतीस वर्षे, नगर बससेवा मंडळात वाहतूक निरीक्षक म्हणून काम करताना, कोणी मागितली नसतानाही त्यांनी ती जपली होती.

"काय मोजताय साहेब?" मुक्ताईने खिडकीतून मान बाहेर काढली. "डोकी का डबे?"

"डोकी."

"मग माझं दोनदा धरा. घरात नवऱ्याचं पण मलाच चालवावं लागतंय."

गाडीत हशा पिकला. तौर हसले नाहीत. विनोद त्यांना कळत असे, पण नोंद घेताना हसणे त्यांना पटत नसे.

पुढच्या दाराशी शालन ओव्हाळ उभी होती. ही या गाडीतली सर्वांत जुनी प्रवासी. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारतींत ती आणि तिच्याबरोबरच्या या बायका साफसफाईला जात. संगणकावर काम करणारी माणसे नऊला यायची. त्यांच्या टेबलांवरचे कपांचे डाग साडेसहापासून पुसायला घ्यावे लागत. शालन एक पायरी खाली उतरली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"साहेब, आमची गाडी बंद होणार म्हणतात. खरं का?"

"कोण म्हणतं?"

"डेपोत म्हणतात. कचरूभाऊंनीच सांगितलं."

कचरू, गाडीचा कंडक्टर, दारातल्या दांड्याला टेकून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी अत्यंत महत्त्वाचे असल्यासारखा बघू लागला.

"साडेसहाला गेटवर अंगठा लावावा लागतो," शालन म्हणाली. "पुढची गाडी सहा पाचची. ती पोचते सव्वासातला. तीनदा उशीर झाला की ठेकेदार नाव काढतो. म्हणून विचारते."

"गाडी कुठे जात नाही," तौर म्हणाले. "मी आहे ना."

तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा त्यांच्या वहीकडे पाहिले.

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," असे म्हणून ती आत गेली आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "काही होत नाही गं. साहेब आहेत."

तौर कचरूकडे वळले.

"तिकिटाच्या यंत्रावरचं पासचं बटण किती वेळा दाबलंत?"

"एकदाही नाही."

"का?"

"साहेब, या सगळ्यांचे महिन्याचे पास. बटण दाबलं की दर वेळी वीतभर कोरी पट्टी बाहेर येते. कागदाचा रोल मिळतो दिवसाला एक. पहिल्याच फेरीत त्रेचाळीस विती घालवल्या तर दिवसभर लोकांना तिकिटं काय तळहातावर लिहून देऊ?"

"म्हणजे कोणीच दाबत नाही."

"कुठल्याही डेपोत जाऊन विचारा. आणि यांचे पास काय बघायचे हो? दहा वर्षं बघतोय. शालनताईच्या निकिताचं बारसं जेवलोय मी."

"निकिता कॉलेजात आहे ना?"

"मग वीस वर्षं धरा," कचरूने घंटीची दोरी ओढली.

तौरांनी हे सर्व शब्दशः टिपून घेतले आणि खाली वेळ घातली. त्यात नवे काहीच नव्हते. आदल्या दिवशी, सोमवारी, कार्यालयात पडद्यावर या गाडीचा आकडा दिसताक्षणीच ही भानगड त्यांच्या लक्षात आली होती. तरीही ते पहाटे उठून थांब्यावर आले होते. आपल्याला माहीत असणे वेगळे आणि समोरच्याच्या तोंडावर टाकता येण्याजोगा कागद हातात असणे वेगळे. त्यांना कागद हवा होता.

मंडळाच्या मुख्य कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी चाळीस कारकून बसत, तिथे आता भिंतीएवढा पडदा होता. शहरातली प्रत्येक फेरी त्यावर ठिपक्याच्या रूपाने दिसे: हिरवा, पिवळा, लाल. तिकिटाच्या यंत्रांतून आकडे येत, पडद्यामागे कुठेतरी त्यांचे दळण होई, आणि निर्णय बाहेर पडे. पूर्वी निर्णय घ्यावे लागत. त्याखाली कोणाची तरी सही असे, आणि सही करणाऱ्याला शिव्या घालता येत. आता निर्णय येत. पाऊस यावा तसे. त्यांना कोणी जाब विचारत नसे. एकाही थांब्यावर पाय न ठेवता सबंध शहराची वाहतूक हाकता यावी, अशी ही सोय होती. उंटावरून शेळ्या हाकणारे अधिकारी तौरांनी पुष्कळ पाहिले होते. वातानुकूलित उंट मात्र ते प्रथमच पाहत होते.

पाच वीसच्या फेरीचा ठिपका लाल होता. खाली लिहिले होते: सरासरी प्रवासी ३.२.

"तीन माणसं समजली," तौर सोमवारी शेजारच्याला म्हणाले होते. "ते दशांश दोन माणूस कुठल्या सीटवर बसतं, याची चौकशी व्हायला हवी." शेजारचा हसला नाही. तो त्या पडद्याकडे देवळात बघावे तसे बघत होता.

या सगळ्याचा कारभारी होता तेजस. सल्लागार कंपनीने पाठवलेला, अठ्ठावीस वर्षांचा, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, पायात पांढरे बूट. तौरांनी त्याच्याविषयीचे मत डिसेंबरातच कायम करून टाकले होते. पडद्याच्या उद्घाटनाला एक चित्रफीत दाखवण्यात आली. तिच्या पहिल्या भागावर शीर्षक होते 'आधी', आणि त्याखाली फोटो होता तौरांचा. मागे नोंदवह्यांची चळत, समोर तौर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोटाने एका रकान्यावरची धूळ पुसताना. दुसरा भाग 'नंतर': त्यात हा पडदा आणि त्याच्यासमोर हात बांधून उभी असलेली तरुण मंडळी. सभागृह खदखदून हसले. पुढच्या आठवड्यात एकतीस वर्षांच्या नोंदवह्या टेम्पोत भरून रद्दीला गेल्या. तौरांना मात्र निवृत्तीनंतरही मानधनावर ठेवून घेण्यात आले. हुद्दा मिळाला 'क्षेत्रतज्ज्ञ'. ज्याला बैठकीत बसवायचे पण विचारायचे काही नाही, अशा माणसाला क्षेत्रतज्ज्ञ म्हणत.

आणि त्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, तेजस त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, पाच मिनिटं आहेत? ती विश्रांतवाडी-हिंजवडी पाच वीसची आहे ना, तिचा नंबर मला थोडा ऑड वाटतोय. पहाटेची पहिली गाडी, ती पण हिंजवडीची, आणि तीन पॅसेंजर? डेटात काही मिस होतंय का? तुम्ही इतकी वर्षं ग्राउंडवर होतात, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

तौरांची पिशवी टेबलावरच होती. वहीचा कोपरा बाहेर आला होता. त्यांनी तो तर्जनीने हलकेच आत सारला.

"यंत्र चुकतं का?"

"यंत्र नाही चुकत सर. आपण त्याला जे देतो तेच ते दाखवतं."

"मग दिलंय तेच दाखवत असेल की. आम्ही पडलो 'आधी'ची माणसं. 'नंतर'चं आम्हाला काय कळणार?"

तेजसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सर, तो फोटो मी नव्हता टाकला. आमच्या डिझाइनवाल्यांनी…"

"अहो, छान आलाय. घरी सगळ्यांना आवडला."

काही विचारायचे राहिले आहे आणि ते कसे विचारावे ते सुचत नाही, असा त्याचा चेहरा झाला होता. मग "ठीक आहे सर, थँक यू," म्हणून तो गेला. त्या दिवशी तौरांना डब्यातली दुधी भोपळ्याची भाजीही चविष्ट लागली.

बेत साधा होता. चौदा तारखेला आढावा बैठक होती. अध्यक्षस्थानी सहव्यवस्थापिका प्रियदर्शनी मॅडम, समोर बारा खातेप्रमुख. तेजस लाल ठिपके एकामागून एक दाखवत जाईल. पाच वीसची आली की तौर हात वर करतील आणि वही उघडतील. वाक्यांचा क्रमही त्यांनी ठरवून ठेवला होता. कुठे थांबायचे, कुठे चष्मा काढायचा, तेही. एका आकड्याने तो सबंध पडदा फाटणार होता. कुजबुजीत, कोपऱ्यात, चहाच्या कपावर नव्हे. भर सभेत.

बुधवारी त्यांनी एकेचाळीस मोजले, गुरुवारी चव्वेचाळीस.

"साहेब, सांगून टाका ना मॅडमना," कचरू गुरुवारी म्हणाला. "फोन केला तरी होईल."

"वेळ आली की सांगेन."

"वेळ म्हणजे?"

"कचरू, भाकरी तव्यावर असताना उलटायची असते. पीठ मळताना नाही."

"ती तव्यावरची बाई जाणे," कचरू म्हणाला. "आपण खाणारे."

बारा तारखेला परिपत्रक निघाले. मॅडमना दिल्लीला एका परिषदेत बोलावणे आले होते. आकडेवारीच्या आधारे सार्वजनिक सेवा कशी सुधारावी या विषयावर त्या इतर शहरांना मार्गदर्शन करणार होत्या. सबब आढावा बैठक चौदाऐवजी अठ्ठावीस तारखेला होईल. दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते की लाल ठिपक्याच्या फेऱ्या प्रायोगिक तत्त्वावर सोमवार, दिनांक १७ पासून स्थगित राहतील. निर्णयावर चर्चा अठ्ठावीसला होणार होती, आणि निर्णय सतराला अमलात येणार होता. मंडळात याला गतिमान प्रशासन म्हणत. तौरांनी ते दोन्ही परिच्छेद तीनदा वाचले आणि परिपत्रकाची एक प्रत आपल्या वहीत ठेवली. पुरावा आणखी भक्कम झाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी घरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले असताना त्यांनी फोनमध्ये तेजसचा नंबर काढला. अंगठा त्यावर आणून ठेवला. एवढे सांगितले तर काय होईल, हे त्यांना अगदी रेखीव दिसत होते. पोरगा 'थँक यू सर' म्हणेल. रात्री घरी बसून कुठलासा रकाना दुरुस्त करील. सकाळी ठिपका हिरवा झालेला असेल आणि तो कधी लाल होता याची खूणही उरणार नाही. वर अठ्ठावीसला तोच उभा राहून सांगेल की आमची प्रणाली स्वतःच्या चुका स्वतःच शोधते. सभागृह टाळ्या वाजवील. आणि 'आधी'चा फोटो तिथेच राहील.

दोन आठवड्यांचा तर प्रश्न होता. तौरांनी फोन पालथा घातला आणि त्यावर चष्म्याचे घर ठेवले.

रविवारी दुपारी वॉचमनने खालून हाक मारली. शालन ओव्हाळ सोसायटीच्या फाटकाशी उभी होती. आत यायला सांगितले तरी ती फाटकापाशीच थांबली.

"थांब्यावर कागद चिकटवलाय साहेब. उद्यापासून गाडी नाही म्हणून."

"पाहिला मी."

"निकितानं ॲपवर तक्रार टाकली. लगेच उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' पोरगी म्हणाली, आई, हे माणसानं नाही लिहिलेलं. तुम्ही म्हणाला होतात, म्हणून आले."

"माझ्याकडे सगळं तयार आहे, शालनबाई. अठ्ठावीस तारखेला बैठक आहे. त्या दिवशी एकेकाची तोंडं बघण्यासारखी होतील. तेवढे दोन आठवडे कसेही निभावून न्या."

"दोन आठवडे कसे निभवायचे?"

"रिक्षा करा. चौघी-चौघी मिळून."

शालनने पदराने मानेवरचा घाम टिपला. चाळीस बायकांना चौघी-चौघीत भागले की दहा रिक्षा होतात, आणि पहाटे सव्वापाचला विश्रांतवाडीत दहा रिक्षा उभ्या नसतात, हे गणित तौरांना येत होते. तिलाही येत होते.

"आधी नाही का सांगता येणार त्यांना?" तिने विचारले. "म्हणजे तुम्हाला माहितीच आहे तर?"

"प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते."

"बरं," ती म्हणाली. "अठ्ठावीस." आणि तारीख विसरू नये म्हणून घोकावी तशी ती ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत रस्त्याला लागली.

अठ्ठावीस फेब्रुवारीला सारे ठरल्याप्रमाणे झाले. विसावा लाल ठिपका पाच वीसचा होता. तौरांनी हात वर केला.

"मॅडम, एक अडाणी प्रश्न विचारू का?"

"विचारा ना, तौर सर."

"आपल्या पडद्यावर या गाडीत तीन पूर्णांक दोन दशांश प्रवासी आहेत. माझ्या वहीत तीन दिवसांचे त्रेचाळीस, एकेचाळीस आणि चव्वेचाळीस आहेत. दोघांपैकी एकाला दिसत नाही. आता मी चष्मा लावतो, हे मान्यच आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण पडद्याचा नंबर कोणी काढलाय का?"

खातेप्रमुखांत खसखस पिकली. मग त्यांनी पासचे बटण सांगितले, वीतभर पट्टी सांगितली, दिवसाला एक रोल सांगितला. कचरूचे तळहाताचे वाक्य त्यांनी शेवटासाठी राखून ठेवले होते. त्यावर तर लेखापालही हसला. "थोडक्यात," तौर म्हणाले, "आपण कागद वाचवला आणि गाडी घालवली. ज्या बायका रोज उभ्या राहून जातात त्या आपल्या लेखी गाडीत नाहीतच. कारण त्यांनी पैसे आगाऊ भरलेत. तिकीट न काढणारा फुकट्या असतो हे ऐकलं होतं. आगाऊ पैसे भरणारा अदृश्य होतो, हे नवीन आहे."

ते बसले. आता प्रतिवाद येणार, मग दुसरा हप्ता, अशी त्यांची तयारी होती. परंतु तेजस उठला आणि म्हणाला,

"सर बरोबर आहेत. पासची एंट्री होते का, हे मी स्वतः बसमध्ये जाऊन बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

दुसरा हप्ता तौरांच्या तोंडातच राहिला. आणि ज्या खड्ड्यात मॅडमनी पडायचे, तिथे त्यांनी फीत कापली.

"वा!" त्या म्हणाल्या. "आकडेवारी आणि अनुभव यांचा संगम म्हणतात तो हाच. दिल्लीला मी हेच सांगून आले. सोमवारपासून गाडी पूर्ववत करा. आणि आपण एक मानवी पडताळणी कक्ष सुरू करू. प्रमुख, तौर सर. त्या पाच वीसपासूनच सुरुवात होऊ द्या. सर, रोजचा आकडा तुम्ही जागेवरून पाठवायचा. तोच अंतिम. पुन्हा आठ दिवस दहाच्या खाली राहिली तर मात्र गाडी कायमची बंद, म्हणजे वाद नको." त्यांनी सगळ्यांकडे पाहिले आणि टाळ्या झाल्या. कोणीतरी तौरांचा फोटोही काढला.

जिन्यात तेजसने त्यांना गाठले. त्याच्या हातात वहीच्या पानांच्या छायाप्रती होत्या. मॅडमनी त्या इतिवृत्तासाठी काढायला सांगितल्या होत्या.

"सर, पहिल्या पानावर चार तारीख आहे."

"आहे."

"पहाटे पाच अठरा."

"वेळ घालायची माझी पद्धत आहे."

"त्याच दिवशी साडेदहाला मी तुमच्याकडे आलो होतो."

तौरांनी वही पिशवीत घातली. पिशवीची चेन अर्ध्यात अडकली. ती त्यांनी मागे घेतली, पुन्हा ओढली, पुन्हा अडकली. तेजस उत्तराची वाट बघत नव्हता. त्याने छायाप्रती नीट जुळवल्या, एका कोपऱ्याला टाचणी मारली आणि तो जिना उतरून गेला.

सोमवार, ३ मार्च. पाच वाजून पाच मिनिटांनी तौर थांब्यावर होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. कक्षाचा नवा फॉर्म त्यांनी फोनवर उघडून ठेवला होता. तारीख आणि फेरी आपोआप भरलेली होती, फक्त आकड्याची चौकट रिकामी होती. पाच पंधराला गाडी आली. कचरू खाली उतरला. त्याच्या खांद्यावरची पिशवी फुगलेली होती.

"पाच रोल दिलेत साहेब. एकदम पाच."

मुक्ताई आली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, आणि जरा वेळाने एक धावत आली. कचरूने प्रत्येकीसाठी बटण दाबले. यंत्रातून वीत-वीत पट्टी बाहेर येऊन त्याच्या पायाशी पडली. पाच सतरा झाले. तौर आळंदी रस्त्याच्या बाजूला बघत होते.

"बाकीच्या?"

"बाकीच्या नाहीत," मुक्ताई म्हणाली. आज ती खिडकीत बसली नव्हती; दारातच उभी होती. "पहिल्या आठवड्यातच तीन-तीन लेट झाले सगळ्यांचे. रिक्षा मिळायच्या नाहीत, मिळाल्या तर वाकडच्या पुढं सरकायच्या नाहीत. दुसऱ्या सोमवारी ठेकेदाराच्या माणसानं गेटवर उभं राहून यादी वाचली. तिकडंच राहणाऱ्या बायका मिळाल्यात त्याला. चालत येतात. आम्ही चौघी दुसऱ्या इमारतीत हाय, तिथला सुपरवायझर बीडकडचा, आमच्या गावाजवळचा. त्यानं घेतलं सांभाळून."

"आणि शालनबाई?"

"यादीत पहिलं नाव तिचंच. सगळ्यांच्या वतीनं बोलायला गेली ना ती. म्हणाली, अठ्ठावीस तारखेपर्यंत कळ काढा, तौरसाहेबांनी शब्द दिलाय." मुक्ताईने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तो म्हणाला, तौरसाहेब कोण?"

गाडीचे इंजिन घरघरत होते. ड्रायव्हरने एकदा आरशात बघितले.

कचरू तौरांच्या जवळ सरकला. "साहेब, पहिलाच दिवस आहे. टाका चाळीस."

तौरांनी फोनवरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिले.

"तुमचाच आकडा अंतिम ना? मग टाका. यंत्राचं मी बघतो, बटण दाबायला काय जातंय? पाच रोल आहेत. महिनाभर गाडी चालू राहिली तर हिंजवडीकडं दुसरी कामं धरतील बाया, येतील परत. गाडीच नसली तर कशाला येतील?" त्याने आवाज आणखी खाली आणला. "आठ दिवसांत बंद पडेल हो. आणि या चौघी पण जातील."

"एकतीस वर्षांत," तौर म्हणाले, आणि थांबले. पुढचे वाक्य त्यांना नेहमी तोंडपाठ असे.

"पाच वीस झाले," ड्रायव्हर ओरडला.

मुक्ताई अजून दारातच होती. तिने त्यांच्या हातातल्या फोनकडे पाहिले.

"आज मोजायला काही वेळ लागला नसेल, न्हाय का साहेब?"

कचरूने दोरी ओढली. गाडी हलली आणि खडकीच्या दिशेने वळली; आतले सगळे दिवे लागलेले होते आणि सीटच्या रांगा मागपर्यंत स्वच्छ दिसत होत्या. तौरांनी पहिल्या सीटपासून पुन्हा एकदा मोजले. मग चौकटीत आकडा भरला आणि पाठवला.

प्रवासी: ४.